सांडणी म्हणजे उंटीण

सांडणी म्हणजे उंटीण. साधीसुधी नव्हे, वाऱ्यासारखी पळणारी, पाठीवर स्वार घेऊन लांबलांबचे निरोप पोहोचवणारी उंटीण. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण गेल्या वर्षभरात हे वाक्य मला कोणी पुरतं करू दिलेलं नाही. मी 'वाऱ्यासारखी'पर्यंत येतो न येतो तोच समोरच्याला काहीतरी काम आठवतं, नाहीतर आमची ही म्हणते, "अहो, पुरे. त्यांना जायचंय."

मी विमा कंपनीत पत्रव्यवहार बघतो. आमच्याकडून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र माझ्या टेबलावरून जातं आणि जाताना थोडं बरं होऊन जातं. ऱ्हस्व-दीर्घ विचारायला लोक माझ्याकडे येतात. माझ्या मते त्यांनी आणखी यायला हवं. रस्त्याने जाताना दुकानाच्या पाटीवर चूक दिसली तर मी आत जाऊन सांगतो. याचा लोकांना राग येतो असं हिचं म्हणणं आहे. मला तसं कधी जाणवलेलं नाही, एकदा एका सलूनवाल्याने अर्धी दाढी झाल्यावर मला उठवलं होतं ते सोडलं तर.

तर या कथेला सुरुवात झाली ती हिच्या धाकट्या भावापासून. त्याला सगळे फडक्या म्हणतात. आडनाव नाही ते. लहानपणापासून त्याच्या खिशात एक फडकं असतं आणि कुठेही डाग दिसला की त्याला राहवत नाही. आमच्याकडे चहाला आला तर कप उचलून त्याखालचं टेबल पुसतो, बशी पुसतो आणि बोलता बोलता माझ्या चष्म्याकडे अशा नजरेने बघतो की मी तो काढून त्याच्या हातात देतो. मोठ्या गोदामात नोकरी करत होता. ती सोडली, जुनी व्हॅन घेतली आणि घरोघर पार्सलं पोहोचवण्याचा धंदा काढायचं ठरवलं.

त्याच्या बायकोच्या वडिलांना हे अजिबात पसंत नव्हतं. त्यांचं हार्डवेअरचं मोठं दुकान आहे. जावयाने दुकानात यावं, गल्ल्याशेजारी बसावं, खिळे-स्क्रू वजन करून द्यावेत, असं त्यांचं स्वच्छ मत. बोलून थांबणारा माणूस नाही तो. त्यांनी गल्ल्याशेजारी एक स्टूल आणून ठेवलं आणि त्यावर नवी कोरी गादी शिवून घातली. वर्षअखेरीपर्यंत व्हॅनचं काय ते दिसू दे, नाहीतर स्टूल तयार आहे, असं त्यांनी सर्वांदेखत सांगून टाकलं. फडक्याला त्या स्टुलाचं स्वप्न पडायचं. गादीचा रंगसुद्धा दिसायचा म्हणे.

"भावोजी, नाव तुम्हीच सुचवा," तो माझ्या कपाखालचं टेबल पुसत म्हणाला. "तुमचा शब्द म्हणजे काय."

खरं सांगतो, मी हरखलो. सासरच्या माणसांनी माझ्याकडे आजवर शिडी मागितली, छत्री मागितली, शब्द कोणी मागितला नव्हता. मी ऑफिसातून रजा टाकली. गरुड, बाण, पवन हे शब्द लोकांनी इतके वापरलेत की त्यांच्यात आता काही राम उरलेला नाही. दुपारी आंघोळ करताना, डोक्यावर तांब्या रिकामा केला आणि शब्द आला. सांडणी. निरोप, वेग, इमान, सगळं एका शब्दात. मी ओल्या अंगाने बाहेर येऊन हिला सांगितलं.

"काय सांडलं?" ती म्हणाली.

मी समजावलं. तिचं म्हणणं, उंटीण तर उंटीण म्हणा की सरळ. मी म्हटलं, अगं, उंटीण नावाच्या गाडीत कोण पार्सल देईल? त्यावर तिने जमिनीवरचं पाणी दाखवलं आणि हे आधी पुसा म्हणाली. हा शकुन तेव्हाच ओळखायला हवा होता.

आमच्या वरच्या मजल्यावर मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे मोजणीदार म्हणतात. निवृत्त झाल्यापासून ते फक्त सल्ले देतात, आणि तेही जिन्यात, म्हणजे माणसाला निसटता येत नाही. त्यांनी नाव ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, कापायची ती कापणी. पेरायची ती पेरणी. आयुष्यभर मी मोजत होतो ती मोजणी. मग सांडणी म्हणजे काय, तुम्हीच सांगा. व्याकरण आहे हे."

आता, व्याकरणाने मला जिन्यात अडवावं ही मला न सोसणारी गोष्ट. मी घरी आलो, शब्दकोश काढला, जेवण थंड केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीदारांना त्यांच्याच दारात गाठलं. सांड म्हणजे मोकळा सोडलेला वळू. त्या सांडावरून सांडणी. सांडणे या क्रियापदाशी तिचं काही नातं नाही, नुसतं तोंड सारखं आहे. सारखे दिसणारे शब्द सख्खे असतातच असं नाही. "आता पडवी घ्या," मी म्हटलं. "पडवी काय पडते का?"

"आमची पडली होती," मोजणीदार म्हणाले आणि ती कशी पडली ते सांगायला लागले. मला ऑफिसला उशीर झाला.

व्हॅनवर नाव रंगवायला पेंटर आला. माणूस गुणी. पण त्याने जन्मात उंट काढला नव्हता. त्याला कुत्रा यायचा, गाय यायची, घोडा तर डोळे मिटून यायचा. त्याने डोळे मिटूनच काढला असावा. मग माझ्या सांगण्यावरून घोड्याला कुबड चढवलं, मान लांबवली, आणि ती लांबवता लांबवता डोकं नेमकं सरकत्या दारावर गेलं. त्यामुळे दार बंद असताना ते जनावर निदान जनावर तरी दिसे. दार उघडलं की डोकं सरकत मागे जाई आणि शेपटीच्या वर येऊन उभं राही. मी पेंटरला म्हटलं, अहो, सांडणी म्हणजे वाऱ्यासारखी... तो म्हणाला, साहेब, दुसरा हात मारायचाय, जरा बाजूला व्हा.

मग परवाना. खिडकीतल्या बाईंनी नाव वाचलं आणि अर्थ विचारला. मला वाटलं, अखेर एक सुसंस्कृत माणूस भेटला. मी एवढंच म्हणालो की हे एका प्राण्याचं नाव आहे. तिथेच त्यांनी हात वर केला. धंद्यात प्राणी असेल तर जनावरांच्या दवाखान्यातून ना हरकत दाखला आणावा लागेल. मी म्हटलं, प्राणी नाही, प्राण्याचं नाव आहे. त्या म्हणाल्या, मग प्राण्याच्या नावाने ना हरकत आणा.

जनावरांचे डॉक्टर एका म्हशीच्या मागे उभे होते. तिथूनच त्यांनी विचारलं, जनावर कुठाय? मी म्हटलं, जनावर नाहीये. त्यांनी विचारलं, मेलं का? मी म्हटलं, नव्हतंच. ते म्हणाले, बघितल्याशिवाय सही करत नाही, माझी नोकरी जाईल. माणूस नियमाचा होता, त्यामुळे मला त्याचा रागही येईना. शेवटी ते फडक्याबरोबर बाहेर आले, व्हॅनची दारं उघडून आत वाकून बघितलं आणि लिहून दिलं की, तपासणीच्या वेळी सदर सांडणी वाहनात आढळली नाही, सबब हरकत नाही. हा कागद घेऊन आम्ही पुन्हा खिडकीवर गेलो. परवाना मिळाला. त्यात धंद्याचा प्रकार म्हणून 'सांडलवंड' असं टाइप केलेलं होतं.

मी तो दुरुस्त करून घ्यायला निघालो होतो. हिने दारात आडवं होऊन मला अडवलं. मिळालाय तो परवाना, नाव दिसतंय, शिक्का दिसतोय, आता त्या खिडकीवर जाल तर घरात येऊ नका, असं तिने सांगितलं. शुद्धलेखनाशी तडजोड मी आयुष्यात प्रथमच केली.

धंदा सुरू झाला, म्हणजे फडक्या रोज सकाळी व्हॅन धुऊन पुसून चौकात उभी करायला लागला. लोक नाव वाचायचे, हसायचे आणि पार्सल पोटाशी धरून पुढे जायचे. मोजणीदारांनी जिन्यात तोड काढली. लोकांच्या मनात शंका आहे ना, मग तिचं उत्तरच पाटीवर लिहा. मी नको म्हणत होतो, पण फडक्या घाबरलेला होता. त्याने पेंटरकडून नावाखाली लिहून घेतलं, 'काहीही न सांडता पोहोचवते.' ज्यांच्या मनात शंका नव्हती त्यांच्याही मनात ती आता आली.

शेवटी गिऱ्हाईक मिळालं ते आमच्याच इमारतीतलं. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना बटणांचं खोकं पलीकडच्या पेठेत त्यांच्या बहिणीकडे पाठवायचं होतं. बाईंनी आमच्यावर दया केली हे उघड होतं, पण पहिलं गिऱ्हाईक ते पहिलं गिऱ्हाईक. मी मुद्दाम सोबत गेलो. चौकात फडक्याने वळण घेतलं, उंटाचं डोकं असलेलं दार हळूच मागे सरकलं आणि खोकं बाहेर पडलं. काळी, पांढरी, लाल, शर्टाची, कोटाची, सगळी बटणं चौकभर. बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसांनी आधी बटणं बघितली, मग गाडीवरचं नाव वाचलं. अशा वेळी माणसं किती आनंदी होऊ शकतात हे मी त्या दिवशी पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ तर रुमालाने डोळे पुसत होते.

मी गाडीतच बसून राहिलो. फडक्या मात्र उतरला. त्याने मोठं फडकं काढलं, चौकाच्या एका कडेपासून सुरुवात केली आणि एकेक बटण उचलून, पुसून, रंगाप्रमाणे वेगळं करून खोक्यात भरलं. गटाराच्या जाळीत अडकलेलं एक तारेने काढलं. वर, वाळू सांडलेली होती तीही झाडली, ती आमची नव्हती. शिवणवाल्या बाईंच्या बहिणीचा संध्याकाळी निरोप आला की बटणं इतकी नीट लावून पहिल्यांदाच आली. आम्ही तिला काही सांगितलं नाही.

त्यानंतर फोन यायला लागले. व्हॅनवर नंबर आमच्या घरचा होता, कारण गाडी चालवताना फडक्या फोन घेत नाही. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की फोन माझ्या ताब्यात. पहिलाच फोन एका बाईंचा, जिन्यात तेलाचा डबा उपडा झालाय, तुम्ही सांडलेलं काढता ना, येता का? मी त्यांना नम्रपणे सांगितलं की बाई, आपला गैरसमज होतोय, सांडणी म्हणजे वाऱ्यासारखी पळणारी... फोन बंद झाला. मग एका छापखान्यातून शाईबद्दल. मग एका वर्गशिक्षिकेचा, गोंदाबद्दल. मी प्रत्येकाला सांडणीचा खरा अर्थ सांगत होतो. कोणी शेवटपर्यंत ऐकलं नाही, पण निदान चुकीच्या अर्थाने धंदा आमच्या दारात येत नव्हता, एवढं समाधान होतं.

एके संध्याकाळी ही भाजी निवडत बसली होती. मी फोन ठेवला तेव्हा तिने मान वर केली आणि कोणाचा होता विचारलं. मी सांगितलं, एका हॉटेलवाल्याचा, त्याच्याकडे रंगाचा डबा सांडलाय. तो काही पार्सलवाला नव्हे.

"असे किती फोन आले?"

मी म्हटलं, रोज येतात. लोकांना शब्द कळत नाहीत.

तिने भाजी बाजूला ठेवली. ओरडली नाही, ते फार वाईट लक्षण असतं. "वर्ष संपत आलंय," ती म्हणाली. "माझा भाऊ त्या स्टुलावर जाऊन बसणार आहे. आणि तुम्ही लोकांना उंट समजावताय?"

मी काहीतरी बोलणार होतो. शब्दाची इभ्रत वगैरे. पण तिचे डोळे भरून आले होते आणि मला एकदम फडक्या दिसला, त्या गादीवर बसलेला, समोरचा काउंटर पुन्हा पुन्हा पुसणारा. फार लाज वाटली मला. इतकी की मी उठून उगाच खिडकी बंद केली.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत माशांची काचेची टाकी फुटली होती. समोरून विचारलं, सांडणीच ना? सांडलेलं काढता ना तुम्ही? ही माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "लगेच येतो. मासे कशात तरी ठेवा."

त्यानंतर फडक्याला उसंत म्हणून मिळाली नाही. तेल, शाई, रंग, डिंक, पीठ, एकदा तर मधाचं पिंप. कोणत्या डागाला भुसा, कोणत्याला गरम पाणी, कोणत्याला नुसतीच वाट बघायची, हे त्याला उपजत कळायचं. त्याने हाताखाली दोन माणसं ठेवली. परवाना बदलावा लागेल की काय अशी मला धास्ती होती, म्हणून तो काढून बघितला. धंद्याचा प्रकार, सांडलवंड. खिडकीतल्या बाईंना आमचा धंदा आमच्याआधी कळला होता. पेंटरने गाडीवरची 'काहीही न सांडता' ही ओळ पुसली आणि मला न विचारता उंटाच्या पायाशी एक बादली काढली. बादली मात्र हुबेहूब आली.

आता माझं सांगतो. बाहेरून मी खूश होतो. आतून नव्हतो. रस्त्यात लोक म्हणायचे, काय नाव शोधलंत हो, सांडलेलं उचलते ती सांडणी. मोजणीदार तर जिन्यात मला बघून नुसतंच "कापणी, पेरणी" म्हणायचे आणि वर जायचे. मी गप्प बसायचो. ऑफिसात मात्र त्या दिवसांत मी पत्रं जरा जास्तच दुरुस्त केली, असं कानावर आलं.

आणि वर्षअखेरीला फडक्याच्या सासऱ्यांचा फोन आला. त्यांना माहीत नव्हतं की तो आमच्या घरचा नंबर आहे आणि गाडी त्यांच्याच जावयाची आहे, कोणीतरी गाडीवरून वाचून त्यांना दिला होता. आवाज मी ओळखला. दुकानातली वरची फळी निसटली होती आणि ऑइलपेंटचे डबे खाली आले होते. मी काही न सांगता फडक्याला कळवलं. हीही निघाली, म्हणून मीही निघालो.

दुकानाच्या दारात सासरे उभे होते. विजारीवर गुडघ्यापर्यंत निळा रंग. व्हॅनमधून जावई उतरलेला बघून ते दारातून बाजूला झाले. फडक्याने त्यांना वाकून नमस्कार केला, आणि वाकलाच आहे तर त्यांच्या चपलेवरचा रंगही पुसून घेतला. मग तो आणि त्याची माणसं कामाला लागली. भुसा पसरला, पत्र्याने ओढून घेतला, फरशी घासली, खिळ्यांचे खण एकेक करून स्वच्छ केले. सासरे बघत होते. इतका वेळ न बोलता त्यांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

सगळं निघालं. गल्ल्याशेजारचं स्टूल तेवढं राहिलं. एक डबा बरोबर त्यावर उपडा झाला होता आणि गादीने तो पूर्ण पिऊन घेतला होता. फडक्या त्याच्यासमोर उकिडवा बसला. गादी दाबून बघितली, उलटी करून बघितली. त्याच्या हातून न निघालेला डाग मी कधी पाहिला नव्हता. आज काढायची त्याची इच्छाच नव्हती की काय, देव जाणे.

"हे निघणार नाही," तो हळू म्हणाला.

सासऱ्यांनी स्टुलाकडे बघितलं, मग लखलखणाऱ्या फरशीकडे, मग जावयाच्या निळ्या हातांकडे. "राहू दे," ते म्हणाले. "आता कोण बसणार आहे त्यावर?"

हिने माझा दंड घट्ट धरला. फडक्याने तोंड फिरवलं आणि फडक्याने पुसलं. त्याच्या तोंडाला निळा पट्टा उमटला, तो कोणी त्याला सांगितला नाही.

सासरे बाहेर आले. व्हॅनभोवती एक फेरी मारली. नाव वाचलं. "नाव मात्र झकास," ते म्हणाले. "सांडलेलं उचलते ती सांडणी. कोणालाही कळावं असं. पण हा उंट कशाला काढलाय मध्येच?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वर्षभर मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. समोर वजनदार माणूस, त्यांना कुठेही जायचं नव्हतं, फोन वाजत नव्हता. वाऱ्यासारखी पळणारी उंटीण माझ्या जिभेवर येऊन उभी राहिली. पण मी फडक्याकडे बघितलं. सासऱ्यांनी नावाला झकास म्हटल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर निळ्या रंगासकट पसरला होता.

"पेंटरने चुकून काढला," मी म्हणालो.

सासरे मनापासून हसले. बादली चांगली काढलीये म्हणाले.

परत येताना आम्ही दोघं चालत निघालो, कारण व्हॅनमध्ये रंगाचे डबे होते. चौक ओलांडेपर्यंत ही माझा दंड धरूनच चालत होती. मग म्हणाली, "अहो, सांडणी म्हणजे नक्की काय हो?"

मला आधी वाटलं चेष्टा करतेय. पण ती वाट बघत होती. मग मी सांगितलं. वाऱ्यासारखी पळणारी उंटीण, तिच्यावरचा स्वार, त्याच्या कमरेचा निरोप. तो सांड, ती सांडणी, ते क्रियापद आणि त्याचा काही एक संबंध नसणं. करभ म्हणजे उंटाचं पोर हेही सांगितलं, ते तिने विचारलंही नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तरी मी बोलत होतो आणि ती ऐकत होती. मध्ये एकदाही पुरे म्हणाली नाही.

"इतकं चांगलं नाव," ती जिना चढताना म्हणाली, "आणि तुम्ही खुशाल पेंटरवर ढकललंत."

"चालतं," मी म्हटलं. "उंट त्याला तसाही जमला नव्हता."